बाबांच्या लॅपटॉपमध्ये नको ते शिरलंय, कोणता अँटिव्हायरस घेऊ?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडील ७१ वर्षांचे. मराठी टायपिंगसाठी त्यांनी नेटवरून कुठलंसं सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. तेव्हापासून क्रोम उघडलं की गुगलऐवजी भलतंच सर्चचं पान येतं आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात सारखी ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ अशी सूचना उगवते. जवळचा दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून टाकू. तुम्ही विचारताय की फॉरमॅट मारावा की चांगला अँटिव्हायरस विकत घ्यावा, आणि घ्यायचा तर कोणता.

मी साताऱ्यात २००६ पासून घरोघरी जाऊन संगणक दुरुस्त करतो. तुमच्यासारखा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते इथे अडचण अँटिव्हायरसची नाहीच. तुमच्या दोन तक्रारी दोन वेगळ्या वाटांनी आल्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी बाबांकडून ‘हो’ वदवून घेतलेलं आहे. अँटिव्हायरस चोराला अडवतो. घरातल्याच माणसाने दार उघडून ज्याला बसायला पाट दिला, त्याला तो बऱ्याचदा हात लावत नाही. तेव्हा आपलं काम म्हणजे दिलेल्या परवानग्या एकेक करून परत घेणं, आणि पुढे बाबांवर ‘हो की नाही’ ठरवायची वेळच कमी येईल अशी सोय करणं.

आधी तीन गोष्टी सांगा, कारण उत्तर त्यांवर अवलंबून आहे. लॅपटॉपवर विंडोज १० आहे की ११? बाबा त्यावर बँकेचे व्यवहार करतात का, पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह केलेले आहेत का? आणि त्या मशीनवर कधी कुणी फुकटचं ऑफिस किंवा विंडोज ‘अॅक्टिव्हेट’ करून दिलंय का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल, तर खाली लिहिलेलं बरंचसं बाजूला ठेवून सरळ स्वच्छ विंडोज टाकण्याकडे मी वळेन. ते का, ते पुढे येईलच.

कोपऱ्यातल्या सूचनेपासून सुरुवात करू, कारण घाबरवते ती जास्त आणि निघते सगळ्यात लवकर. ती पट्टी नीट पाहा. मजकुराच्या आसपास बारीक अक्षरात एखाद्या वेबसाइटचं नाव आणि क्रोमचं नाव दिसेल. म्हणजे ती विंडोजची सूचना नाही, अँटिव्हायरसची तर नाहीच. कुठल्यातरी पानावर ‘तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं होतं आणि बाबांनी ते दाबलं. त्या एका क्लिकने त्या साइटला हवं तेव्हा सूचना पाठवायचा परवाना मिळाला. ते पान बंद केलं तरी परवाना राहतो. संगणकात कुठलीही फाइल आलेली नसते, म्हणून कितीही स्कॅन केलं तरी काही सापडत नाही आणि माणूस आणखी घाबरतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, त्यात ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. खाली परवानगी दिलेल्या साइट्सची यादी असेल. ओळखीच्या नसलेल्या सगळ्या काढा, आणि वरचा पर्याय बदलून कुठल्याच साइटला विचारता येणार नाही असं करून ठेवा. बाबांना सूचनांची गरज असते ती फोनवर. लॅपटॉपवर ही सोय बंद केल्याने माझ्या एकाही गिऱ्हाइकाचं आजवर काही अडलेलं नाही. हे करेपर्यंत त्या पट्टीवर क्लिक मात्र करू देऊ नका. पट्टी खोटी असली तरी तिच्यामागचं पान ‘व्हायरस काढायचं’ सॉफ्टवेअर किंवा ‘मदतीचा’ फोन नंबर घेऊन बसलेलं असतं, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं.

आता सर्चचं पान. टायपिंगच्या सॉफ्टवेअरबरोबर आणखी एकदोन वस्तू आल्या असणार. इन्स्टॉल करताना ‘एक्सप्रेस’ निवडलं की आधीच टिक केलेल्या चौकटी तशाच पुढे जातात आणि टूलबार, सर्च बदलणारं एक्स्टेन्शन (क्रोमला जोडलं जाणारं छोटं सॉफ्टवेअर), ‘पीसी फास्ट करणारं’ काहीतरी, असं सगळं एकदम उतरतं. ‘मी सहमत आहे’ तर बाबांनी दाबलेलंच असतं. यातला शोध घ्यायची माझी पद्धत साधी आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘अॅप्स’ उघडायचं आणि यादी इन्स्टॉल केलेल्या तारखेप्रमाणे लावायची. बाबांना तो दिवस साधारण आठवत असेल. त्या दिवशी आलेली तीन-चार नावं शेजारी शेजारी उभी दिसतात. एरवी शंभर नावांच्या यादीत खरं कोण आणि आगंतुक कोण हे तज्ज्ञालाही चटकन कळत नाही, पण तारीख सगळं सांगून टाकते. एकाच दिवशी, एकाच मिनिटाच्या आगेमागे आलेल्या वस्तू एकाच पिशवीतून आलेल्या असतात. त्या काढा. काढताना ‘खरंच जायचं का, आधी हे मोफत घ्या’ अशी गुळगुळीत विनवणी येते, तेव्हा बटणावरचे शब्द वाचूनच दाबा. कित्येकदा ‘ठेवा’ आणि ‘काढा’ यांच्या जागा मुद्दाम उलट्या केलेल्या असतात.

मग क्रोममधली एक्स्टेन्शन्सची यादी. नुसती बंद करू नका, काढून टाका. ‘सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणं आणि बदलणं’ ही परवानगी ज्या एक्स्टेन्शनकडे आहे, त्याला बँकेच्या पानावरचंही दिसतं हे ध्यानात ठेवा. नाव चांगलं, लाखो लोक वापरतात, म्हणजे सुरक्षित, असंही नसतं. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक खरोखर उपयोगी एक्स्टेन्शन होतं, २० लाखांवर लोक ते वापरत. २०२० साली मूळ निर्मात्याने ते दुसऱ्या कुणाला तरी विकलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गुगलला ते बंद करावं लागलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, मालक बदलला होता. म्हणून माझा हट्ट असतो की ज्येष्ठांच्या लॅपटॉपवर जाहिराती अडवणारं एक एक्स्टेन्शन सोडून दुसरं काहीही नको. ते एक मात्र हवंच. सर्चमध्ये पहिल्या क्रमांकावर दिसणाऱ्या जाहिरातीतूनच खोट्या डाउनलोडच्या साइट्स गळ्यात पडतात. क्रोमवर ‘युब्लॉक ओरिजिन लाइट’ टाका. फायरफॉक्सवर त्याचं पूर्ण रूप अजून चालतं.

एक खूण आणखी बघा. क्रोमच्या तीन टिंबांच्या मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहिलंय का? ऑफिसच्या संगणकावर ते ठीक आहे. घरच्या मशीनवर त्याचा अर्थ बहुधा असा की कुणीतरी विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत) क्रोमसाठी नियम लिहून ठेवलाय, आणि म्हणूनच तुम्ही काढलेलं एक्स्टेन्शन परत येतंय किंवा त्याचं ‘काढा’ बटणच मिळत नाहीये. काही अँटिव्हायरससुद्धा असे नियम घालतात, तेव्हा एवढ्यावरूनच निष्कर्ष काढू नका. पण एक्स्टेन्शन निघत नसेल आणि ही ओळही दिसत असेल, तर ‘अॅडडब्ल्यूक्लीनर’ हे मोफत साधन चालवा. मालवेअरबाइट्स या कंपनीचं आहे, तिच्याच साइटवरून घ्या. असले नियम ते बहुतेक वेळा शोधून साफ करतं.

इथे एक अनुभव सांगायलाच हवा, कारण दुकानदाराच्या ‘फॉरमॅट मारू’ला त्यात उत्तर आहे. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापिकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. हीच तक्रार, सर्चचं पान बदललेलं. माझ्याआधी दोनदा फॉरमॅट झाला होता. दोन्ही वेळा फोटो गेले, पैसे गेले, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान हजर. बाई म्हणाल्या, “आता लॅपटॉपच बदलते.” मीही आधी सगळं साफ केलं आणि समाधानाने घरी गेलो. संध्याकाळी त्यांचा फोन, पान परत आलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई क्रोममध्ये गुगल अकाउंटने साइन-इन करत होत्या आणि सिंक, म्हणजे क्रोममधलं सगळं अकाउंटमध्ये जपून ठेवायची सोय, चालू होतं. एक्स्टेन्शन लॅपटॉपवर राहतच नव्हतं, त्यांच्या अकाउंटमध्ये राहत होतं. नवं विंडोज टाका, नवा लॅपटॉप आणा, साइन-इन केलं की गुगल प्रामाणिकपणे त्यांचं ‘सामान’ जागेवर आणून ठेवत होतं. मुलाच्या घरी पुण्यात ज्या संगणकावर त्यांनी कधीतरी साइन-इन केलं होतं, तिथेही तेच पान येत होतं. सगळीकडचं सिंक थांबवलं, अकाउंटमधला सिंकचा साठा पुसला, दोन्ही मशीनवरून एक्स्टेन्शन काढलं, मग सिंक सुरू केलं. त्यानंतर ते आलं नाही. तेव्हा ताई, बाबांचं क्रोम साइन-इन केलेलं असेल तर साफसफाईच्या आधी सिंक बंद करा, आणि तुमच्या घरी किंवा भावाच्या घरी बाबांचं अकाउंट कुठे उघडं आहे का तेही बघा.

एवढं झाल्यावर स्कॅन करा. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ खाली डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन असतो. त्यात मशीन रिस्टार्ट होतं आणि विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे चालू विंडोजमध्ये लपणाऱ्या गोष्टींना लपता येत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. दुसरं मत हवं असेल तर सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’ची मोफत साधनं आहेत. सर्ट-इन ही संस्था ते २०१७ पासून चालवते.

पण स्कॅनच्या आधी आणखी एक जागा उघडा, तिथे सहसा कुणी डोकावत नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘मॅनेज सेटिंग्ज’, आणि अगदी खाली ‘एक्सक्लूजन्स’. इथे लिहिलेल्या फोल्डरकडे डिफेंडर बघतच नाही. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. मला ती भरलेली दिसते तेव्हा बहुतेक वेळा कारण एकच निघतं, अॅक्टिव्हेटर किंवा क्रॅक, म्हणजे पैसे न देता सॉफ्टवेअर चालवायचं चोरीचं साधन. ते टाकताना ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर चालणार नाही’ असं सांगितलेलं असतं, आणि जाता जाता ते स्वतःच्या फोल्डरला इथे कायमची सूट देऊन जातं. यापुढे त्या फोल्डरमध्ये काय येऊन बसेल, कुणी विचारणारं नाही. यातलं दुःख असं की बहुतेक घरांत त्याची गरजच नसते. दुकानातून विंडोजसह आलेल्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या लॅपटॉपची मूळ लायसन्स की मदरबोर्डमध्येच असते. त्याच आवृत्तीचं स्वच्छ विंडोज टाकून नेटला जोडलं की ते आपोआप अॅक्टिव्हेट होतं. पैसे देऊन घेतलेला परवाना असताना त्यावर चोरीचं विंडोज टाकलेलं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं.

आता गंभीर प्रकार. वर सांगितलेली मंडळी त्रास देतात, जाहिराती दाखवून पैसे कमावतात. दुसरी एक जात आहे जी काहीच दाखवत नाही. ती येते, क्रोममधले सेव्ह केलेले पासवर्ड आणि कुकीज उचलते, पाठवून देते, आणि कधीकधी स्वतःला पुसूनही टाकते. ‘लुमा’ हे त्यातलं एक नाव. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये त्याचं जाळं तोडलं, तेव्हा त्याआधीच्या दोन महिन्यांत जगभरात ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांना लागण झाल्याचं सांगितलं होतं. कुकी गेली म्हणजे तुमचं चालू असलेलं लॉगिनच गेलं, चोराला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन-आउट’ करावं लागतं. आणि हे दोन्ही त्या लॅपटॉपवर बसून नाही, तुमच्या स्वच्छ फोनवरून करा. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचं, कारण ईमेल ज्याच्या हाती त्याला बाकी सगळे पासवर्ड नव्याने घेता येतात.

ही जात घरात येते ती क्रॅकमधून, खोट्या डाउनलोडमधून, आणि अलीकडे एका नव्या युक्तीने. एखादं पान म्हणतं, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा: विंडोजची की आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. या तीन टप्प्यांत माणूस स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा संगणकाला देतो. बाबांना एवढं एक वाक्य कागदावर लिहून द्या: कुठल्याही वेबसाइटला आपण विंडोजची की दाबायची गरज कधीच नसते.

अॅप्सच्या यादीत एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर (दुरून दुसऱ्याचा संगणक चालवायची सॉफ्टवेअर) दिसलं आणि ते तुमच्यापैकी कुणी टाकलेलं नसेल, तर बाबांना शांतपणे विचारा की ‘कंपनीतून’ किंवा ‘बँकेतून’ कुणाचा फोन आला होता का. ही सॉफ्टवेअर स्वतः वाईट नाहीत, मीही वापरतो. पण ती कुणाच्या सांगण्यावरून आली ते महत्त्वाचं. उत्तर संशयास्पद असेल तर वायफाय बंद, बँकेला फोन, आणि पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. तिथे तक्रार जितकी लवकर जाईल तितकी रक्कम वाटेत थांबण्याची शक्यता जास्त.

म्हणजे फॉरमॅट कधी? अॅक्टिव्हेटर सापडला, अनोळखी माणसाच्या हाती मशीनचा ताबा गेला होता, किंवा ऑफलाइन स्कॅनमध्ये पासवर्ड चोरणारं काही निघालं, तर नक्की. मग अर्धवट साफसफाईवर माझा विश्वास नाही. फोटो आणि कागदपत्रं तेवढी बाहेरच्या डिस्कवर घ्या, इन्स्टॉलरच्या जुन्या फाइली घेऊ नका. त्यानंतर विंडोजच्या ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ आणि ‘क्लाउड डाउनलोड’ निवडा. त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, पण विंडोज थेट मायक्रोसॉफ्टकडून येतं, कुणाच्या पेन ड्राइव्हमधून नाही. तुम्ही लिहिलेल्या दोनच तक्रारी असतील तर मात्र फॉरमॅट नको.

अँटिव्हायरसचं विचारलंत. विंडोज १० आणि ११ मधला डिफेंडर घरच्या वापराला पुरेसा आहे असं माझं मत आहे, फक्त तो चालू हवा आणि त्यातलं ‘पोटेन्शियली अनवॉन्टेड अॅप ब्लॉकिंग’ चालू हवं. ते ‘अॅप अँड ब्राउझर कंट्रोल’मध्ये ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’खाली सापडेल. टूलबारवाल्या मंडळींना अडवायला हेच बटण आहे. क्विक हीलसारखा अँटिव्हायरस आधीच विकत घेतलेला असेल तर खुशाल ठेवा. दोन एकदम नकोत, आणि मुदत संपलेला पडून नको. नूतनीकरण करा किंवा काढा. विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्याआधी ११ वर जाता येतं का ते पाहा. जुन्या मशीनवर ते चालत नसेल तर सांगा, विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचा विचार करता येईल. मेल, यूट्यूब आणि मराठी लिहिणं एवढंच असेल तर ते उत्तम चालतं.

आता ज्याने पुढचा त्रास सगळ्यात जास्त कमी होतो ते. बाबांचं विंडोजचं अकाउंट अॅडमिनचं, म्हणजे मशीनवर काहीही टाकायची मुभा असलेलं, असणार. आधी एक नवं अकाउंट तयार करा, ते अॅडमिन करा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि एकदा त्यात लॉगिन करून ते चालतंय याची खात्री करा. त्यानंतरच बाबांचं अकाउंट ‘स्टँडर्ड’ करा. हा क्रम उलटा करू नका, अॅडमिन कुणीच उरला नाही तर मला किंवा माझ्यासारख्याला बोलवावं लागेल. यामुळे संपूर्ण मशीनवर काही टाकायचं झालं की पासवर्ड विचारला जाईल आणि बाबा तुम्हाला फोन करतील. हे कवच पूर्ण नाही: नोटिफिकेशन्स, एक्स्टेन्शन्स आणि पासवर्ड चोरणारे काही प्रकार स्टँडर्ड अकाउंटमध्येही चालतात. तरी माझ्याकडे परत परत येणारी मशीनं या एका बदलाने येईनाशी झाली.

राहिलं मूळ कारण, मराठी टायपिंग. बाबांची गरज खरी आहे आणि ती भागली नाही तर ते पुन्हा शोधायला जाणार. गुगलने संगणकासाठीचं ऑफलाइन इनपुट टूल्स देणं केव्हाच थांबवलंय, पण त्या नावाच्या फाइली भलत्यासलत्या साइट्सवर अजून मिळतात. बाबा बहुधा तिथेच फसले. काहीही डाउनलोड करायची गरज नाही. २०१९ च्या मे अपडेटपासून विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे लिहिलं की मराठी उमटवणारा) आहे. सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’खाली मराठी भाषा जोडा, तिच्या पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड निवडा. मग विंडोजची की आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी बदलता येतं. (वरच्या चिठ्ठीशी हे विसंगत नाही. हे बाबा स्वतःच्या मनाने करतात, कुठल्या साइटच्या सांगण्यावरून नाही.) त्यांना टाइपरायटरच्या काळापासून रेमिंग्टनची सवय असेल तर हा कीबोर्ड जड जाईल. तसं असेल तर कळवा, त्याची वाट वेगळी आहे.

आणि बाबांवर रागावू नका. रागावलं की पुढच्या वेळी ते तुमच्यापासून लपवतात आणि मला आठ दिवसांनी कळतं, हे मी फार घरांत पाहिलं आहे.

आज एवढंच करा: सिंक बंद, नोटिफिकेशन्सची यादी साफ, आणि तारखेप्रमाणे लावलेल्या अॅप्सच्या यादीचा आणि एक्स्टेन्शन्सच्या यादीचा फोटो काढून इथे टाका. फोटोत ईमेल पत्ता दिसत असेल तर तो झाका. काय काढायचं आणि काय ठेवायचं ते नावानिशी सांगतो.